काजळरेघेचं बेट

फाटकातून गाडी आत वळली आणि थोरलीच्या डोळ्यांवर ऊन आलं.

नर्सरीच्या त्या कोपऱ्यात ऊन कधी यायचंच नाही. फाटकापासून वडिलांच्या, नानांच्या खोलीपर्यंत बांबूच्या बेटाची सावली असायची. वारा असो नसो, वाट सतत हलतेय असं वाटायचं. आज वाट नुसती पांढरी पडली होती. थोरलीने ब्रेक दाबला. शेजारी बसलेली मधली बहीण पर्समध्ये काहीतरी शोधत होती. स्टेशनवरून निघाल्यापासून ती तेच करत होती.

"इथे कशाला थांबवलीस?" मान वर न करता मधली म्हणाली.

दार उघडंच टाकून थोरली उतरली.

बेट नव्हतं. वीतभर उंचीचे खुंट उरले होते, ओले, नुकते कापलेले. काठ्या भिंतीलगत एकावर एक रचल्या होत्या, पानांसकट, सरपणासारख्या. पलीकडे खोदाईचं मशीन घुरघुरत होतं. त्याच्या लोखंडी पंजाने बेटाची एक बाजू उकरून कंद बाहेर ओढला होता आणि तो मधोमध फाटला होता.

"कुणी तोडलं?"

मशीनवाल्याने ऑफिसकडे बोट दाखवलं. धाकटा भाऊ फोनवर खुर्च्यांवाल्याशी बोलत बाहेर येत होता. त्याने बहिणीला पाहिलं, बोलणं शेवटपर्यंत पुरं केलं, मग फोन खिशात टाकला. ते बोलणं त्याने पुरं केलं, याचाच थोरलीला पुढे कितीतरी दिवस जास्त राग येत राहिला.

"आलीस? गाडी लेट होती का?"

"बेट कुठंय?"

"ताई, आधी आत चल. पाणी पी."

"बेट कुठंय विचारतेय मी."

"अगं, संध्याकाळी शंभरावर माणसं येणार. नानांची ऐंशी वर्षं काय दर वर्षी पूर्ण होतात? गाड्या लावायच्या कुठे? मागच्या खेपेला रस्त्यावर लावल्या तर समोरच्या गॅरेजवाल्याने काय तमाशा केला, विसरलीस? ही एवढीच सपाट जागा आहे आपल्याकडे."

"मागे जागा आहे."

"मागे तुझ्याच मातीचे ढीग आहेत."

"ढीग उचलता येतो रे!" थोरली ओरडली. "ढीग उचलता येतो!"

हे साधं बेट नव्हतं, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आईच्या शेवटच्या उन्हाळ्यात थोरलीला पिवळ्या बांबूच्या जाळीत एक कोंब वेगळा दिसला होता. काठी वाढली तशी तिच्या प्रत्येक पेरावर एकच बारीक काळी रेघ उमटली, डोळ्यांत काजळ घालावं तशी. आईने खाटेवरून हात पुढे करून ती काठी चाचपली होती. थोरलीने तो कोंब कंदासकट वेगळा केला, इथे लावला. पहिली कितीतरी वर्षं निम्म्या काठ्या साध्याच यायच्या. ती त्या मुळाशी कापून टाकायची, रेघेच्या तेवढ्या ठेवायची. शेजारच्या नर्सरीवाल्यांनी डोकावून पाहिलं, मागून पाहिलं, एकाने कुंपणावरून फाटा तोडून न्यायचाही प्रयत्न केला. तिने कुणाला दिला नाही. गेले दोन हंगाम मात्र एकही साधी काठी आली नव्हती. रेघ पक्की झाली होती. येत्या महिन्यात ती पहिली कलमं भरणार होती. वाळू चाळून ठेवली होती, शेडनेट नवं आणलं होतं. जगाच्या पाठीवर तिच्या माहितीत हे एकच बेट होतं.

तिला एकदम काहीतरी आठवलं.

"स्टेशनवर ड्रायव्हर पाठव म्हटलं होतं मी," ती हळू आवाजात म्हणाली. "तू म्हणालास, ताई तूच जा, मधलीला बरं वाटेल."

धाकट्याने मान वळवली.

*

धाकट्याला वाटलं होतं, ती रडेल. रडली असती तर सोपं गेलं असतं. त्याने जवळ घेतलं असतं, नवीन बेट लावू म्हटलं असतं, संध्याकाळपर्यंत सगळं निवळलं असतं. आई गेल्यापासून घरातली भांडणं अशीच मिटत आली होती. पण ही त्याच्याकडे असं बघत होती, की जणू कुणी परका माणूस कुंपण चढून आत आला आहे. त्यानेही मग आवाज चढवला.

"एक रोप दिलंस मला आजवर? एक? गिऱ्हाइकं येतात, रेघेचा बांबू आहे का विचारतात, मी तोंड वाकडं करून नाही म्हणतो. त्या हॉटेलवाल्याला अख्खी रांग लावायची होती. तू त्याच्यासमोर मला काय म्हणालीस? 'ह्याला झाडातलं काही कळत नाही, तुम्ही माझ्याशी बोला.' समोर! माझ्याच ऑफिसात!"

"रेघ पक्की झाल्याशिवाय विकली असती तर वर्षाने त्याच्याकडे साधा बांबू उभा राहिला असता. मग तोच तुझ्या नावाने शंख करत आला असता."

"दर हंगामात हेच. अजून पक्की नाही, अजून पक्की नाही. नर्सरी आहे ही ताई, तुझी प्रयोगशाळा नाही. बियाणं, पिशव्या, गडी, पाण्याची मोटर, कोर्टकचेऱ्या, सगळं मी बघायचं. आणि तू एका बेटापाशी स्टूल टाकून बसणार."

त्यात काही खोटं नव्हतं, असं त्याचं त्याला वाटत होतं. नर्सरी दोनदा बुडता बुडता त्याने ओढून काढली होती. लोक येऊन कौतुक मात्र त्या काळ्या रेघेचं करायचे. त्याच्या स्वतःच्या मित्रांनी त्या बेटापुढे उभं राहून फोटो काढले होते आणि फोटो काढायला त्यालाच सांगितलं होतं.

 थोरली काठ्यांच्या ढिगापाशी गेली, एक पान बोटांत धरलं. पान सुरळीसारखं वळलं होतं.

"किती वाजता तोडलं?"

"सकाळी. तू गेल्यावर."

"म्हणजे मी फाटकातून बाहेर पडायची वाट बघत होतास." ती वाकून काठ्या बाजूला करू लागली. "उन्हात टाकल्यास. पानं निदान उतरवायचीस. पानं सगळं पाणी ओढून घेतात, एवढंही तुला..." ती थांबली. करवत आणायला शेडकडे निघाली.

धाकट्याच्या कानशिलात रक्त चढलं. एवढंही तुला. मशीनवाला दोघांकडे आळीपाळीने बघत होता, आणि ते त्याला आणखीच झोंबलं.

"तू कशाला थांबलास? तुझं चालू दे," तो मशीनवाल्याला म्हणाला. "दुपारच्या आत जागा सपाट पाहिजे मला."

*

धाकट्याची बायको शाळेत मुख्याध्यापिका होती. घरात लहानथोर सगळे तिला बाई म्हणत, नवऱ्यासकट. ती दिवाणखान्यात खुर्च्यांची मांडामांड करत होती तेव्हा मशीनचा आवाज पुन्हा वाढला आणि त्याच्यावरून थोरलीची किंकाळी आली.

बाई धावत बाहेर आली. थोरली खड्ड्यात उतरून फाटलेल्या कंदासमोर उभी होती, हातात करवत. मशीनचा पंजा तिच्या डोक्यावर हवेत अडकला होता. मशीनवाला बिचारा घामाघूम झाला होता.

"ताई, बाजूला हो," धाकटा ओरडत होता. "नाटकं करू नकोस."

बाईने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दंगा करणाऱ्या वर्गात शिरावं तशी ती मशीनपाशी गेली.

"बंद करा."

"बाई, साहेबांनी..."

"बंद करा म्हटलं ना! किल्ली इकडे द्या. खाली उतरा."

मशीन बंद पडलं. किल्ली तिच्या हातात आली. मग ती नवऱ्याकडे वळली.

"अहो, काल रात्री जेवताना तुम्ही मला काय सांगितलंत?"

"हे बघ, आत्ता नको."

"आत्ताच. ताई हो म्हणाल्यात, असं सांगितलंत. त्यांनीच सुचवलं म्हणालात. आणि मी वेडी, सकाळी चहा देताना त्यांना म्हटलं, ताई, तुमचं मन फार मोठं."

थोरलीने खड्ड्यातून वर पाहिलं. सकाळी बाईचे डोळे भरून आले होते आणि आपण स्टेशनवर जातोय म्हणून ही एवढी का हेलावली, हे तिला कळलंच नव्हतं.

"मला खोटं पाडलंत तुम्ही," बाई म्हणाली. "त्यांच्यापुढे आणि माझ्यापुढेही. शाळेतली पोरं परवडली. पकडल्यावर निदान खाली तरी बघतात."

"एका बांबूसाठी घर डोक्यावर घेताय तुम्ही बायका!"

"बांबूसाठी नाही." तिने किल्ली मुठीत घट्ट धरली आणि खड्ड्याच्या काठावर बसली. "ताई, काय करायचं सांगा. काही वाचेल का?"

थोरलीने फाटलेला कंद हाताने चाचपला. 

"आधी सावली. सगळ्या काठ्या शेडमध्ये घ्या. पोती भिजवून वर टाका. पानं तोडा, पण फाटा मुळापासून उपटायचा नाही, बोटभर खुंटी ठेवायची, तिथेच डोळा असतो. कोवळ्या काठ्या बाजूला काढा, त्या कुजतील. फार जुन्याही नकोत. मधल्या वयाच्या पाहिजेत. त्या मी निवडते."

बाईने चपला काढल्या. संध्याकाळसाठी शिवून घेतलेला नवा पोशाख अंगावर होता, त्याच्या बाह्या कोपरापर्यंत सरकवल्या. नर्सरीतले दोन गडी धाकट्याकडे बघत घुटमळले. मग त्यांनी काठ्या उचलायला सुरुवात केली.

धाकटा एकटाच उन्हात उभा राहिला.

*

मधली गाडीपाशीच उभी होती. कुणी तिला ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. पाहुणी म्हणून आत जाऊन पाणी प्यावं तर ते बरं दिसलं नसतं. शेवटी ती शेडमध्ये गेली.

शेडमध्ये ओल्या पोत्यांचा वास होता. थोरली काठ्या फळीवर धरून कापत होती. प्रत्येक तुकड्याला दोन गाठी, मधे एक पेर. पेराला वरून बारीक भोक पाडायचं, आत पाणी ओतायचं, भोक मेणाने बंद करायचं. मुळं फुटेपर्यंत तेवढ्याच पाण्यावर तुकड्याने जगायचं. बाई पाणी ओतत होती. मेण लावायला हात कमी पडत होता. मधलीने मेणाची वाटी पुढे ओढली.

काही तुकडे झाले. मधलीला वाटलं, हे असंच चालू राहिलं तर बोलायची वेळ येणार नाही. पण बहिणीचे हात जवळून दिसत होते. करवतीने अंगठ्याशी सालटं निघालं होतं आणि तिला ते कळलेलंही नव्हतं.

"ताई, मला माहीत होतं."

करवत थांबली नाही.

"त्याने काल फोन केला होता. म्हणाला, ती असली तर हात लावू देणार नाही, तू तासभर थांबव. मी म्हटलं, असं कसं. तर म्हणाला, नानांच्या दिवशी भांडण नको, नंतर मी समजावतो. मला वाटलं..." तिला काय वाटलं होतं ते तिला आता आठवेना. मागच्या वर्षी तिच्या घरी सासरच्यांशी वाजलं, तेव्हा धाकटाच रातोरात आला होता, तिच्या बाजूने उभा राहिला होता. त्याला नाही म्हणणं तिला जड गेलं. थोरलीला फसवणं त्या मानाने हलकं गेलं, आणि हे आत्ता, मेण लावताना, तिच्या लक्षात येत होतं.

"डोकं दुखतंय म्हणालीस," थोरली म्हणाली.

"हो."

"दुसरा चहा मागवलास."

"हो ताई."

"मी तुझ्यासाठी गोळी आणायला औषधाच्या दुकानात गेले. रांगेत उभी राहिले." थोरलीने पुढचा तुकडा तिच्याकडे सरकवला. "हा गळतोय. मेण पुन्हा लाव."

मधली रडू लागली. बाईने पाण्याचा झारा खाली ठेवला आणि कुणाचीच बाजू न घेता शेडच्या दाराकडे बघत राहिली.

"ओरड ना माझ्यावर," मधली म्हणाली. "त्याच्यावर ओरडलीस तशी ओरड."

"त्याच्याकडून मला कधी ना कधी हे होणार असं वाटायचं. तुझं तसं नव्हतं." थोरलीने कपाळावरचा घाम दंडाने पुसला. "मला तू फार आवडायचीस गं."

*

नाना त्यांच्या खोलीतून आले तेव्हा त्यांची दाढी झाली होती, केस नीट बसवले होते. काठी टेकत ते शेडच्या तोंडाशी थांबले. मागोमाग धाकटा आला.

"काय चाललंय? गडी कुठेत? दिव्यांच्या माळा लावायच्यात."

"नाना, बेट बघितलंत?" थोरली म्हणाली. "ह्याने काय केलंय बघितलंत?"

"सांगा हिला," धाकटा म्हणाला. "आता तुम्हीच सांगा."

नानांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मीच हो म्हटलं त्याला."

थोरलीची करवत काठीत अर्ध्यावर थांबली.

"तुम्ही?"

"परवा विचारायला आला होता. गाड्यांचा प्रश्न आहे म्हणाला. म्हटलं, कर."

"मला का नाही विचारलंत?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणाले असते! म्हणूनच विचारायचं असतं ना माणसाला?"

"हे बघ, ऐक." नाना तिला समजावू लागले, लहानपणी पाढे समजावत तसे, अगदी मायेने. "तो रागावला की घर सोडून जायचं बोलतो. मागे गेलाच होता. तुझी आई रोज फाटकाकडे बघत बसायची. तो म्हणाला, इथे माझा शब्द चालतच नाही. मग मी काय करू? तू रागावलीस तर दोन दिवस जेवायची नाहीस. तिसऱ्या दिवशी पाइप घेऊन पाणी घालायला उभी राहशील. तुझं मला ठाऊक आहे. तू कुठे जाणार आहेस?"

ते हे सगळं तिच्या कौतुकाचं बोलावं तसं बोलले. घरातल्या भिंतीचं कौतुक करावं तसं. धाकट्याने मान खाली घातली. आपल्या बाजूने बोललेलं इतकं लाजिरवाणं वाटेल असं त्याला वाटलं नव्हतं.

थोरलीने करवत फळीवर ठेवली.

"म्हणजे जो सोडून जाईल त्याचं ऐकायचं," ती म्हणाली. "आणि जी जात नाही तिचं तोडायचं."

"तसं नव्हे गं."

"तसंच आहे नाना. तुम्ही आत्ता तुमच्या तोंडाने सांगितलंत. आईचं आजारपण मी काढलं, कारण मी इथे होते. तुमचा पाय मोडला तेव्हा मी होते. ह्याने नर्सरी गहाण टाकायचं काढलं तेव्हा तुम्हाला घेऊन वकिलाकडे मी गेले. मी राहिले ते कुठे जायला नव्हतं म्हणून नव्हे. मला इथे राहावंसं वाटत होतं म्हणून! इतकी वर्षं तुम्हाला हे कळलं नाही? मला जायला जागा नाही, असंच वाटत होतं तुम्हाला?"

 नानांना खरोखर तसंच वाटत होतं.

"बाई," थोरली म्हणाली, "टेम्पोवाल्याला फोन लाव. सगळी कलमं घेऊन चाललेय मी. कंदही. जेवढे फाटायचे राहिलेत तेवढे मातीसकट काढून घेते."

"कुठे नेणार?" मधली पुढे आली. "ताई, माझ्याकडे ने. घरामागे जागा आहे, विहीर आहे. मी स्वतः पाणी..."

"तुझ्याकडे नको."

"आमच्या शाळेमागे पडीक जागा आहे," बाई म्हणाली. "नळ आहे. दक्षिणेकडून इमारतीची सावली येते. परवानगीचं मी बघते, तिथे मला नाही म्हणणारं कुणी नाही."

"ही झाडं नर्सरीची आहेत," धाकटा म्हणाला.

बाईने मशीनची किल्ली त्याच्या हातावर ठेवली. "सकाळी सरपण होतं ना? मग सरपण नेतोय आम्ही. तुम्ही जागा सपाट करा."

पहारीने आणि हाताने कंद सुटे करायला दुपार गेली. प्रत्येक कंदाला एक तरी खुंट आणि मुळांचा झुपका राहील अशा बेताने थोरलीने ते कापले, ओल्या पोत्यांत बांधले. टेम्पो भरेस्तोवर पाहुण्यांच्या गाड्या यायला लागल्या. टेम्पो बाहेर काढायला त्यातल्या कितीतरी मागे घ्याव्या लागल्या. लोक काचा खाली करून विचारत होते, ताई कुठे निघाल्या? आज? धाकटा फाटकात उभा राहून हसत हसत काहीतरी सांगत होता. थोरलीने ड्रायव्हरशेजारी बसून काच वर केली. मागे, कलमांच्या मधे, मातीने माखलेल्या नव्या पोशाखात बाई बसली होती. नवऱ्याच्या समोरून टेम्पो गेला तेव्हा तिने हात हलवला नाही.

केक कापला तेव्हा नानांच्या एका बाजूला धाकटा होता. दुसऱ्या बाजूला मधली उभी राहिली, कारण कुणीतरी उभं राहायला हवं होतं. फोटोत तिचे डोळे सुजलेले आले.

*

नाना शाळेत आले ते एकटेच, रिक्षाने. थोरली दोन दिवसांत परत येईल, आठवड्यात येईल, महिन्यात येईल असं म्हणता म्हणता हंगाम सरत आला होता. घरात आता बाई नवऱ्याशी कामापुरतं बोलायची आणि शाळा सुटल्यावर उशिराच यायची. धाकट्याने बेटाच्या जागी खडी टाकली होती. तीवर रोज त्याची एकच गाडी असायची.

इमारतीतून पाढ्यांचा आवाज येत होता. थोरली गादीवाफ्याच्या कडेला उकिडवी बसून तण काढत होती. तिने समोरच्याच गल्लीत खोली घेतली होती, हे त्यांना बाईकडून कळलं होतं. ती उठली, वर्गातून एक खुर्ची आणून सावलीत ठेवली, आणि पुन्हा आपल्या जागी बसली.

"कलमं लागली का?" नानांनी विचारलं.

"निम्म्याहून जास्त गेली. उन्हात होती ना तासन्‌तास." तिने एक तुकडा उपसून दाखवला. वर हिरवी पालवी, खाली काहीच नाही. "पानं फुटली तेव्हा बाईला आनंद झाला. मी म्हटलं, पानं आधी येतात, मुळं नंतर. मुळं आली नाहीत की संपलं." तिने तो तुकडा बाजूच्या ढिगात टाकला. "उरलीत ती धरलीत. कंदांतले चार जगले."

तिने दाखवलं तिकडे नानांनी पाहिलं. एका कंदाला बोटाएवढी नवी काठी आली होती. ते खुर्चीतून उठले, काठी टेकत जवळ गेले, खाली वाकले. त्यांना नीट दिसेना. त्यांनी बोटाने चाचपलं. पण रेघ बोटाला लागत नाही, ती नुसती दिसते.

"आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे."

ते तसेच वाकून राहिले. मग कंबर धरून सरळ झाले.

"धाकटा म्हणतो, परत आण तिला. खडी काढून टाकतो म्हणतो. हवं तिथे बेट लाव."

"तो का नाही आला?"

"त्याला लाज वाटते."

"वाटू दे."

"माझं वय झालं गं."

"हो नाना." ती झारा भरायला नळाशी गेली. पाण्याच्या आवाजात तिला बोलावं लागू नये म्हणून नाना थांबले. नळ बंद झाल्यावर ते म्हणाले, "मला वाटलं नव्हतं तू खरंच जाशील."

"माहीत आहे मला."

तिने ते रागाने म्हटलं नाही, आणि नानांना त्याचीच धास्ती वाटली. रागावली असती तर त्यांना पुढचं ठाऊक होतं. तिसरा दिवस ठाऊक होता. हे काय होतं ते त्यांना ठाऊक नव्हतं.  परक्याच्या घरी बसावं तसे ते खुर्चीच्या कडेला टेकले.

"पुन्हा येऊ का मी?" त्यांनी विचारलं.

थोरलीने पहिल्या वाफ्यावर पाणी धरलं. धार मातीत मुरेपर्यंत ती बघत राहिली.

"रविवारी येऊ नका," ती म्हणाली. "रविवारी शाळेचं फाटक बंद असतं."